कारभारी करायचा ठरवलाय

रंगूबाईंचा आवाजी निरोप 'डुंबरे परिवार' या ग्रुपवर पडला शनिवारी सकाळी, आणि त्यानंतर दहा मिनिटांत अर्ध्या ठाणे जिल्ह्याचं दूध नासलं, असं छातीवर हात ठेवून सांगणारे लोक आहेत. दुधाचं खरंखोटं त्या दुधाला माहीत. घोडबंदर रोडला सतराव्या मजल्याच्या बाल्कनीत उभ्या असलेल्या सुदेशच्या हातून मात्र चहाचा कप सुटला हे पक्कं, कारण खाली ज्या मोटारीच्या टपावर तो पडला तिचे मालक अजून लिफ्टमध्ये त्याच्याकडे पाठ करून उभे राहतात.

निरोप असा होता:

"समद्यांनी उद्या जेवाया या. म्या आता कारभारी करायचा ठरवलाय. लई वर्सं येकटीनं वढलं, आता हात चालंना. झेवियर तयार हाय. सोमवारी कचेरीत जाऊन सह्या केल्या की झालं. येताना कुनी पेढं आनू नका, मला साखर हाय."

सुदेशने तो निरोप आठ वेळा ऐकला. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. वडील तानाजीराव जाऊन चौदा वर्षं झालेली. जुन्नरकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, 'आमचे कारभारी' म्हणतात. आणि रंगूबाईंनी तानाजीरावांना दुसऱ्या शब्दाने कधी हाक मारल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. रेशनकार्ड करायला आलेल्या माणसाने नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हाही त्यांनी मान खाली घालून 'कारभारी' असंच सांगितलं, आणि पुढे सहा वर्षं ते कार्ड 'कारभारी डुंबरे' या नावाने चाललं. साखर मिळत होती, म्हणून तानाजीरावांनीही तक्रार केली नाही.

तेव्हा आई नवा कारभारी करणार म्हणजे काय करणार, यात सुदेशला तिळमात्र शंका उरली नाही. झेवियर म्हणजे कल्याणला आईच्या समोरच्या दारात राहणारा, रेल्वेच्या शेडमधून निवृत्त झालेला, एकोणऐंशी वर्षांचा विधुर. सोमवारी कचेरीत सह्या म्हणजे नोंदणी विवाह. पेढ्यांचा उल्लेख तर स्वयंस्पष्ट होता.

त्याने धाकट्या भावाला फोन लावला. मधुशी त्याचं गणपतीपासून बोलणं बंद होतं. तानाजीरावांची जुनी स्कूटर कुणी ठेवायची यावरून भांडण झालेलं. ती दोघांनाही नको होती. पण घराण्यावर संकट आलं की डुंबरे एक होतात. मधु आंबिवलीला राहायचा आणि जागांचे व्यवहार जुळवायचा, त्यामुळे वाईट बातमी ऐकून घाबरण्याची त्याला सवय नव्हती, सांगण्याची होती. तोही हादरला होता.

"दादा, मोठा लोचा आहे," मधु म्हणाला. "मी परवाच गेलेलो ना आयेकडे. तर हा समोर बसलेला. आये त्याला फुगे भरवत होती."

"फुगे?"

"त्यांचे ते तळलेले रे, गोड-गोड. त्यानेच आणलेले. आयेचा हात थरथरतो, तरी भरवत होती."

वस्तुतः झेवियर आईला भरवत होता. पण आंबिवलीहून ठाण्याला जाईतो गोष्टीची दिशा बदलते, त्याला मधु काय करणार.

नातीला, म्हणजे सुदेशच्या सान्वीला, हे कळलं तेव्हा ती म्हणाली की आजी तर एकदम भारी निघाली, आणि दोघंही सिंगल आहेत तर प्रॉब्लेम काय. सान्वी ठाण्यात एका वकिलाकडे काम शिकत होती आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षी तिला कुठल्याही लग्नाचं आश्चर्य वाटेनासं झालं होतं. सुदेशने तिला खोलीत जायला सांगितलं. ती म्हणाली, मी खोलीतच आहे, तूच आत आलायस.

या सगळ्या गोंधळात एकच माणूस शांत होतं. सुदेशची बायको सुमेधा. तिने निरोप एकदाच ऐकला होता आणि तिला तो एकदाच कळला होता.

एकतीस वर्षं डोंबिवलीच्या एका शाळेत तिने मराठी शिकवलं होतं. कारभारी म्हणजे नवरा, तसंच कारभारी म्हणजे कारभार पाहणारा, हे ती झोपेतही सांगू शकली असती. सासूबाईंचा फूलबाजारात गाळा आहे, दिवाळीपासून त्यांचा उजवा हात थरथरतो, तेव्हा त्या गाळ्यावर माणूस नेमणार असतील, इतकी साधी गोष्ट. ती सांगायला सुमेधाने तोंड उघडलं, आणि मग नवऱ्याचा चेहरा पाहून मिटलं. निवृत्त होऊन सहा महिने झाले होते. या सहा महिन्यांत तिला घरात कुणी काही विचारलं असेल तर ते चार्जर कुठेय एवढंच. सोसायटीच्या फलकावरच्या नोटिसा तिने लाल पेनाने तपासायला घेतल्या, तर सेक्रेटरीने फलकाला काच बसवून कुलूप लावलं. अशा माणसाच्या वाट्याला एखाद्या शनिवारी एवढी करमणूक चालून आली, तर तिने ती चोवीस तास जपून वापरली यात पाप कसलं?

रविवारी सकाळी फोनमधल्या नकाशाने सुदेशला शीळफाट्यावरून जायला सांगितलं. तिथे मोटार अशी अडकली की पलीकडच्या टेंपोतल्या माणसाने दाढी सुरू केली ती संपवली, आणि नंतर शेजारच्या रिक्षावाल्याचीही करून दिली. सुदेश एका कंपनीत असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट होता. सभेत बोलायचा त्याला सराव होता. त्याने आईसमोरचं भाषण आरशात बघून म्हणायला घेतलं. 'आई, तुझ्या भावनांचा आम्ही आदर करतो' इथपर्यंत ते छान जाई आणि मग 'परंतु'पाशी अडके.

"परंतु नको," सुमेधा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "परंतुच्या आधीचं सगळं खोटं आहे हे लगेच कळतं."

पोचल्यावर सुमेधा आईची बाजू घेणार की आपली, हे त्याला तिच्या मानेवरून कळेना. खरं तर ती त्याच्याच बाजूची होती. सासूबाईंनी गाळा सोडून ठाण्याला यावं असं तीही दोन वर्षं म्हणत आली होती. प्रेमापोटी नव्हे, तर भांडणासाठी दर रविवारी शीळफाटा ओलांडावा लागू नये म्हणून.

कल्याणला मधु इमारतीखालीच उभा होता. दोघा भावांनी एकमेकांचा हात घट्ट धरला. जिन्यात ते कुजबुजत वर चढले आणि दुसऱ्या मजल्यावर त्यांच्यासमोर झेवियरचं दार उघडलं.

झेवियरने राखाडी सूट घातला होता. टाय होता. बूट चमकत होते, आणि दोन्ही हातांत पांढऱ्या रिबिनीचा केकचा खोका होता.

आता रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपून आलेला माणूस सुटात असणार, आणि शेजारणीकडे जेवायला जाताना काहीतरी घेऊन जाणार. पण त्या क्षणी डुंबरे बंधूंना हे सुचायला त्यांची डोकी जागेवर हवी होती. मधुने भिंत धरली. सुदेशच्या तोंडून 'आम्ही तुमच्या भावनांचा' एवढं बाहेर पडलं. सान्वीने मात्र पुढे होऊन अंकल, मस्त दिसताय म्हणून सांगितलं, आणि झेवियर लाजला. त्या लाजण्याने उरलीसुरली आशा संपली.

आत रंगूबाई भिंतीला टेकून पलंगावर बसल्या होत्या, उजवा हात मांडीखाली दाबून. तो मोकळा सोडला की आपल्या मनाने नाचायचा. एरवी तिशीतल्या बाईचा असावा असा आवाज, आणि कपाळाला आठी. त्यांनी सगळ्यांना ताटावर बसवलं. मासवडी आणि भाकरी झाली, भात झाला. शेवटी ताकाच्या वाटीपाशी मधुचा धीर सुटला.

"अंकल, तुमचा विचार तरी काय आहे?"

"विचार काय त्यात," झेवियर म्हणाला. "सही करायची. मी तानाजीच्या टायमाला पण केलेली."

"बाबांच्या?"

"हां. बावीस वर्सं झाली. तवा कोण काय बोलला नाय. तानाजीनेच मना बोलावलेला."

सुदेशने ताकाची वाटी खाली ठेवली. त्याने अत्यंत समंजस आवाजात विचारलं की हे सगळं कुठल्या पद्धतीने व्हायचं आहे, चर्चमध्ये की आपल्याकडे, कारण लोक विचारतील तर उत्तर एकसारखं असावं.

रंगूबाईंनी आठी आणखी घट्ट केली. "चर्चात कशाला? बाजार समितीच्या हापिसात. सोमवारी बाराच्या आत."

"बाजार समितीत लग्न?" मधु म्हणाला.

यानंतर जी शांतता पसरली ती इतकी गाढ होती की खालच्या रस्त्यावर कांदेवाला ओरडायचा थांबून वर बघू लागला. रंगूबाईंनी आधी मोठ्या मुलाकडे पाहिलं, मग धाकट्याकडे, मग सुटाकडे, मग केककडे. मग त्यांना उलगडलं. त्या इतक्या हसल्या की मांडीखालचा हात सुटला आणि त्याने शेजारचा तांब्या उडवला.

झेवियरला सगळ्यात शेवटी कळलं. त्याने गळ्याशी हात नेऊन टाय सैल केला आणि वर छताकडे बघून खूण केली. "अ‍ॅग्नेस बघते तिथून. मना सोडल काय ती?"

"आन मला काय हौस आलीय," रंगूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "येक कारभारी पंचेचाळीस वर्सं सांभाळला. त्यातली धा वर्सं त्याचा चष्मा हुडकण्यात गेली. मुडद्यांनो, गाळ्यावर कारभारी नेमायचाय मला. झेवियर साक्षीदार हाय, साक्षीदार. तुमच्या बापाच्या परवान्यालाबी त्योच व्हता."

सुमेधा ताटं गोळा करत होती. सुदेशने तिच्याकडे पाहिलं, आणि तिचा ओठ दाताखाली धरलेला पाहून एकतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच त्याला तिच्या मनातलं स्पष्ट वाचता आलं. "तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"मला कुणी विचारलं नाही," ती म्हणाली आणि ताटं घेऊन स्वयंपाकघरात गेली.

पोटाला आराम पडला तसे डुंबरे पुन्हा डुंबरे झाले. सान्वीने बाजार समितीचं पत्र वाचून दाखवलं. परवानाधारकाची सही जुळत नाही. तरी सोमवारी दुपारी बारापर्यंत परवानाधारकाने आपल्या वतीने काम पाहण्यासाठी अधिकृत प्रतिनिधी नेमावा, अन्यथा गाळा परत केला असे समजण्यात येईल. सोबत एक अर्ज होता. त्यात नाव, पत्ता, नाते, आणि साक्षीदाराची सही.

म्हणजे उद्या बाराला रंगूबाईंचा गाळा राहील किंवा जाईल. चौदा वर्षं पहाटे चारला उठून त्या तिथे जाऊन बसत होत्या. जुन्नर-ओतूरकडून माळशेज उतरून फुलांच्या गाड्या यायच्या आणि त्या शेतकऱ्यांच्या वतीने त्यांचा माल विकायच्या. हात गेला होता, गुडघे गेले होते, पण पहाटे चारला डोळा उघडणं गेलं नव्हतं. गाळा गेला तर उघडलेल्या डोळ्याचं करायचं काय, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो त्यांनी कुणाला सांगितला नव्हता.

दोन मिनिटांपूर्वी गळ्यात गळा घालून बसलेले भाऊ पत्र ऐकताच दोन टोकांना सरकले. सुदेशचं म्हणणं, बारा वाजू द्यावेत. गाळा आपोआप परत जाईल, कुणाला वाईटपणा नको, आई ठाण्याला येईल, तिथे सोसायटीत ज्येष्ठांचा हास्यवर्ग आहे. मधुचं म्हणणं, असा कसा जाऊ द्यायचा, आयेने त्याच्या नावे रीतसर कुलमुखत्यारपत्र करून द्यावं आणि गाळा एका ओळखीच्याला चालवायला द्यावा, आयेला काही बघावंच लागणार नाही.

"मुखत्यार," रंगूबाई तो शब्द जिभेवर घोळवत म्हणाल्या. "मंजी माझं मुख तयार. ते तर तयारच हाय. त्याला कधी काय झालंय? मला हात तयार पायजे. हाततयार असलं काय आसतं का?"

सान्वी हसून लोळली. स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला. कुणी शब्दाची चुकीची फोड केली की सुमेधाच्या हातून भांडं आपटायचंच, ते तिच्या ताब्यात नव्हतं. तिने आतूनच सांगितलं की मुखत्यारचा मुखाशी काही संबंध नाही. शब्द अरबी आहे, फारसीतून आला. अर्थ निवडलेला, आणि ज्याला स्वतः निवडायची मुभा आहे, असाही.

रंगूबाई थबकल्या. "निवडायची मुभा ज्याला, तो मुखत्यार?"

"हो."

"मंग ती मी हाय. कागदावर दुसरं कायतरी लिवा."

आतलं पाणी बंद झालं. सुमेधाला तसं उत्तर एकतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने दिलं नव्हतं. ती भिजल्या हातांनी दाराशी येऊन उभी राहिली आणि पलंगावरच्या बाईकडे, जिने नव्या नवरीला पहिल्याच आठवड्यात 'हिचं मराठी इस्त्रीचं, नेसायचं का बोलायचं' असं विचारलं होतं, तिच्याकडे जरा नव्याने पाहू लागली.

इकडे मधुने कामाला हात घातला होता. तो म्हणाला, आये, माझं कामच ते आहे, दुसऱ्याच्या वतीने बोलायचं. रंगूबाई म्हणाल्या, ठाव हाय, दलाल हायेस. मधुला तो शब्द लागायचा. त्याच्या कार्डावर कन्सल्टंट होतं. बाबा पण तेच करायचे ना, मग त्यांना नाही कुणी दलाल म्हटलं, असं त्याने विचारलं.

"तुझा बाप अडत्या होता," रंगूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "अडत्या शेतकऱ्याच्या बाजूला बसतो. दलाल मधी बसतो. मला मधी बसनारा नगं."

मग त्यांनी परीक्षा घ्यायची ठरवली. झेवियरला पंच केलं. तो केकचा तुकडा हातात घेऊन ताठ बसला. रंगूबाई झाल्या गिऱ्हाईक. "मी डोंबिवलीची हारवाली. तुमच्या गाळ्यावर शेतकऱ्याची शेवंती आलीय, वाटंत पावसानं भिजली. मी म्हनते, अर्ध्या भावात द्या. काय बोलताल?"

सुदेशने दोन्ही तळवे जुळवले आणि दोघांचंही समाधान होईल असा मधला मार्ग काढू म्हणून सांगितलं. रंगूबाई म्हणाल्या की शेतकऱ्याला मधला मार्ग येकच, रिकाम्या हातानं घरला जायचा. त्याच्या कार्डावरच्या इंग्रजी हुद्द्याचा अर्थही त्यांनी विचारून घेतला. असिस्टंट म्हणजे मदतनीस, सान्वीने सांगितलं. कुणाला मदत करतोस, असं आईने विचारल्यावर सुदेशला बराच वेळ कुणाचं नाव आठवेना.

मधु म्हणाला, तो हारवालीला बाजूला घेऊन सांगेल की ताई, आपलं आपण बघू.

"आपलं मंजी कुनाचं?" रंगूबाईंनी विचारलं. झेवियरने मान हलवली आणि केकचा दुसरा तुकडा घेतला.

दोन्ही पोरं नापास झाली तशी रंगूबाईंची सोंगातली हारवाली भडकली. मांडीखालचा हात त्यांनी बाहेर काढला आणि हवेत नाचवला. असली सडकी फुलं कोन घेनार, म्हणाल्या, सडका माल घेऊन बसायचं आन वर भाव सांगायचा.

"सडकी नव्हे," दारातून सुमेधा म्हणाली. "भिजलेली."

"येकच."

"एकच कसं? भिजलेलं वाळतं. सडलेलं वाळत नाही. सडकी म्हणालात तर माल उकिरड्याचा झाला, भिजलेली म्हणालात तर दोन तासांचा प्रश्न आहे. आधी शब्द बरोबर करा, भावाचं मग बोलू."

रंगूबाई सरसावून बसल्या. "दोन तास थांबाया मला येळ न्हाय. हार करायचेत."

"घाई आहे हे तुम्ही सांगितलंत, मी विचारलं नव्हतं. घाई असलेल्या माणसाने घासाघीस करू नये."

"पलीकडच्या गाळ्यावर घेईन."

"घ्या ना. तिथल्याही फुलांवर हाच पाऊस पडलाय. माळशेज सगळ्यांचा एकच आहे."

झेवियरचा केक तोंडाशी थांबला. रंगूबाईंनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. चौदा वर्षांत बाजारातल्या सगळ्या हारवाल्या ज्यांच्यापुढे हरल्या, त्या स्वतःच्याच गाळ्यावर, स्वतःच्याच पलंगावर हरल्या. "बरं बाई," त्या म्हणाल्या, "दे पाच किलो." आणि म्हणून झाल्यावर आपण कोण आहोत ते त्यांना आठवलं.

पंचाला निकाल विचारायची गरज पडली नाही. रंगूबाईंनी डाव्या हाताने सुनेकडे बोट केलं. एकतीस वर्षं ही बाई माझ्याशी भांडतीया, येकदा तरी हरली का, मंग माझ्यासाठी भांडली तर कोन टिकंल, असा त्यांचा सवाल होता. झेवियरने सूट नीट केला आणि पेन काढलं.

भाऊ क्षणात पुन्हा एक झाले. मधु म्हणाला वहिनीला शेवंती आणि झेंडू यातला फरक कळत नाही, आणि ते खोटं नव्हतं. सुदेश उभाच राहिला. सुमेधा एम. ए. आहे. तिला पहाटे चारला उठायची सवय नाही. तिला कल्याणला राहावं लागेल. तिला ते जमणार नाही. तिला आता विश्रांती हवी आहे.

"सुदेश," सुमेधा म्हणाली, "माझ्या वतीने बोलायला तुला कुणी नेमलं?"

तो खाली बसला.

पण हो ती म्हणाली नव्हती. मनातल्या मनात तर ती सुदेशचीच यादी वाचत होती. पहाटे चार. गुडघाभर चिखलपाला. या बाईबरोबर एका छताखाली, जिथे मिठाचा डबा कुठे ठेवायचा यावरही पूर्वी महायुद्धं झालेली. आणि दुसऱ्या बाजूला काय, तर सतरावा मजला, आणि कुलूप लावलेला फलक. तिने हात पदराला पुसले, पुसलेले पुन्हा पुसले. विनवणं रंगूबाईंना येत नव्हतं. त्यांनी फक्त अर्ज पलंगावर सुनेच्या बाजूला सरकवला आणि भिंतीकडे बघू लागल्या.

तेवढ्यात उशाचा फोन वाजला.

रंगूबाईंनी हात नेला. बोट हिरव्या बटणाच्या एकदा डावीकडे पडलं, एकदा उजवीकडे, तिसऱ्यांदा फोनच पलंगावरून घरंगळला. सान्वीने तो उचलून बटण दाबलं आणि आवाज मोकळा केला.

"मावशी? मी देवेश, ओतूरवरनं." मागे गाडीचं इंजिन चालू होतं. "शेवंती तोडून ठेवलीय. पण इथं समदी म्हनत्यात तुमचा गाळा बंद व्हतोय. गाडी आत्ताच निघतीय. माल तुमच्याकडं लावू का दुसऱ्याकडं? तेवढं सांगा."

सुदेशने हाताने नको, नको अशी खूण केली. मधुने फोनसाठी हात पुढे केला. सान्वीने तो दोघांच्या मधून काढून सुमेधासमोर धरला, कारण आजी तिच्याकडेच बघत होती.

"मावशी? कोन हाय फोनवर?"

सुमेधाने श्वास घेतला. कोण आहे ते सांगायला तिच्याजवळ शब्द कमी नव्हते. प्रतिनिधी, मुखत्यार, मदतनीस, सगळे वर्गातल्या हुशार पोरांसारखे हात वर करून उभे होते, आणि तिने एकालाही उठवलं नाही.

"रंगूबाई," ती म्हणाली. "गाळा चालू आहे. माल इकडेच पाठवा."

पलीकडे इंजिन घुरघुरलं. देवेशला संशय आलेला कळत होता. आवाज येगळा येतोय, तो म्हणाला, खरंच मावशी का?

रंगूबाई सुनेकडे झुकल्या. "लई गोड बोलतीस," त्या हळूच म्हणाल्या. "मी आशी बोलत न्हाय."

सुमेधाने घसा खाकरला. एकतीस वर्षं जो आवाज ती ऐकत आणि दुरुस्त करत आली होती, तो तिने पोटातून काढला, एकाही शब्दाला इस्त्री न करता.

"आरं देवेश्या, मावशी न्हाय तर काय तुझी आत्या बोलतीया? येळंत गाडी आनायची, आन पानी मारून वजन वाढीवलंस तर हितनंच माळशेज चढाया लावीन तुला, फुलांच्या पाट्यांसकट."

"आता वळखलं," देवेश म्हणाला. "निघालोच, मावशी."